तणावमुक्त वॉर्डाचा खांब

खांब हे नाव मेट्रनबाईंनी दिलं, तेही भर सभेत, माइक हातात धरून. "या सिस्टर म्हणजे आपल्या हॉस्पिटलचा खांब आहेत," असं त्या म्हणाल्या आणि टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून पुरुषांच्या मेडिकल वॉर्डातल्या आम्ही दहा जणी आमच्या इनचार्ज सिस्टरना पाठीमागे खांबताई म्हणायला लागलो. समोर नुसतं ताई. मी त्यांच्या खालोखालची. नोकरीत दोन वर्षांनी धाकटी, जिभेने मात्र थोरली. खांबाचं एक असतं, त्याला टेकायला सगळे येतात, पण त्याला 'जरा बसा' असं कोणी म्हणत नाही. अकरा वर्षांत मीही म्हटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्यावर चिडायला तुम्हाला सोपं जाईल.

ताई चोपन्न वर्षांच्या, बुटक्या, खिशात तीन पेनं आणि एक छोटी डायरी. 'नाही' हा शब्द त्यांच्या शिक्षणात राहून गेला असावा. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, होईल का?" तर होईल. नातेवाईक म्हणाले, "सिस्टर, बघता का?" तर बघते. एकदा लिफ्ट अडकली तेव्हा आतल्या माणसाने लिफ्टवाल्याला नाही, ताईंना फोन केला होता आणि त्या गेल्याही होत्या. "ताई, दमलात का?" असं विचारलं, तर चोरीचा आळ घेतल्यासारखं तोंड करायच्या. दमायचं पेशंटने. आपण त्याची नोंद करायची.

घरी मिस्टर आणि परगावी शिकणारी मुलगी. मिस्टरांचं चष्म्याचं दुकान. माझा चष्मा तिथलाच, त्यामुळे दोन्हीकडच्या बातम्या मला कळायच्या. एकदा काच घासता घासता ते म्हणाले, "अहो, ही कामावरून आली की सरळ बाथरूममध्ये जाते. नळ सोडते. वीस वीस मिनिटं बाहेर येत नाही. विचारलं तर म्हणते, हात धुतेय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"नवा साबण आणला."

पुरुषाची जात! पण हसायला मला तोंड नव्हतं. त्यांनी निदान साबण तरी आणला होता. ते म्हणाले, आलेल्या पाहुण्याने शेकहँडला हात पुढे केला की ही तो धरून ठेवते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. पाहुण्यांना वाटतं, आम्ही निघायची वाट बघतेय. ती बिचारी नाडी मोजत असते.

आता ताईंच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिली गोष्ट सगळ्याच नर्सची. पाळी बदलताना जाणारी येणारीला चार्ज देते. खाटेखाटेपाशी उभं राहून सांगायचं : बेड एक, पुरुष, वय अमुक, ताप इतका, नाडी इतकी, काय दिलं, काय द्यायचं. शेवटी घेणारी विचारते, "काय राहिलंय?" राहिलेलं काम सांगायचं. मग ती म्हणते, "घेतला." हा शब्द येईपर्यंत देणारीने जागा सोडायची नाही, भले खाली कोणी गाडी लावून बोंबलत असो. आणि 'घेतला' म्हटलं की ते ओझं घेणारीचं. नंतर 'मला ठाऊक नव्हतं' म्हणून कानावर हात ठेवता येत नाहीत. आमच्या धंद्यात एवढा एकच शब्द खरा, बाकी सगळे फॉर्म.

दुसरी गोष्ट एकट्या ताईंची. वॉर्डात कोणी गेलं की नळ्या निघायच्या, सुया निघायच्या, आणि चादर वर ओढण्याआधी ताई त्या माणसाच्या कपाळावर हात ठेवून कानाशी वाकायच्या. म्हणायच्या, "झालं हं. आता कुठे टोचणार नाही." बस, एवढंच. कोणतीही प्रार्थना नाही, जप नाही. देवाधर्माचं त्यांना फारसं नव्हतं. सुट्टीच्या दिवशीही त्या देवापेक्षा कपाट लावायला जास्त वेळ द्यायच्या. पण हे वाक्य चुकलं नाही. आम्ही मागे खुसखुसायचो. मी तर म्हणायचे, "ताई, मेलेल्याला कसलं सांगता? जिवंत ऐकत नाहीत आपलं." त्या म्हणायच्या, "अगं, इतके दिवस त्याला न विचारता टोचलं. संपल्याचं तरी सांगायला नको?"

अशा आमच्या वॉर्डात एक दिवस तणावतज्ज्ञ आले. तरुण माणूस, आवाज मधात बुडवलेला, गळ्यात ओळखपत्र आणि हातात लॅपटॉप. नर्सना तणाव का येतो, कोणाला जास्त येतो, मनाची घडण कशी असते, श्रद्धेचा आधार किती असतो, हे सगळं ते मोजणार होते. उंटावरून शेळ्या हाकणारे आम्ही पुष्कळ पाहिले होते, पण यांचा उंट फारच उंच. आम्हाला वॉर्डाच्या मधोमध उभं करून म्हणाले, "डोळे मिटा. श्वास आत घ्या. धरून ठेवा." आम्ही धरला. तेवढ्यात चार नंबरची घंटा वाजली, सतरा नंबरने उलटी केली, आणि नव्या लागलेल्या सिस्टरने डोळे मिटलेल्या अवस्थेतच औषधांच्या ट्रॉलीला धडक दिली. तज्ज्ञ म्हणाले, "आवाज येऊ द्या, जाऊ द्या. त्यांना प्रतिसाद देऊ नका." सतरा नंबरला प्रतिसाद द्यायचा नाही म्हणे! ताई एक डोळा उघडून हळूच निघाल्या आणि पातेलं घेऊन सतराकडे गेल्या.

जाताना तज्ज्ञांनी फॉर्मचा गठ्ठा ठेवला. प्रत्येकीला बेचाळीस प्रश्न. 'गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला आपण निरुपयोगी आहोत असं किती वेळा वाटलं?' 'तुमच्या कामाला काही अर्थ आहे असं वाटतं का?' 'तुम्हाला आध्यात्मिक आधार आहे का?' उत्तर शून्य ते चारमध्ये. परत द्यायचे दुसऱ्या दिवशी दोन वाजेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दोनला दहा कमी, चार्ज द्यायची वेळ, आणि गठ्ठा जिथल्या तिथे कोरा. कोणाला वेळ होता? ताई टेबलाशी बसल्या, तिन्ही पेनं काढली आणि ज्या हाताने तीस वर्षं तापाचे तक्ते भरले त्याच हाताने अकरा फॉर्म भरायला घेतले. शून्य, एक, शून्य, शून्य, एक. मधूनच एखादा दोन, कारण सगळे आकडे सारखे आले तर वरच्यांना संशय येतो, हे कुठल्याही नर्सला कळतं. तीन फॉर्म निळ्या पेनाने, चार काळ्याने, बाकीचे नव्या सिस्टरच्या बॉलपेनने. 'सर्व काही ठीक' हे लिहायला तुम्हाला विचार करावा लागेल, आम्हाला नाही.

"तुझा?" त्यांनी मला विचारलं.

"माझाही टाका भरून," मी म्हटलं. "आध्यात्मिक आधार चार लिहा. तेवढंच बरं दिसेल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. महिन्याभराने निकाल लागला. सगळ्या हॉस्पिटलात सर्वात कमी तणाव कुठे? आमच्या वॉर्डात, जिथे अठ्ठावीस खाटांवर बत्तीस पेशंट असायचे. आणि सर्वात जास्त कुठे? डोळ्यांच्या वॉर्डात, जिथे कोणी मरत नाही, दुपारी पेपर वाचता येतो, आणि म्हणूनच तिथल्या बायकांनी बेचाळीसच्या बेचाळीस प्रश्न विचार करकरून, प्रामाणिकपणे भरले होते. आमच्याकडे वाजतगाजत काचेची ढाल आली, 'तणावमुक्त वॉर्ड' लिहिलेली. भिंतीत खिळा नव्हता, म्हणून ती सलाइनच्या स्टँडला टांगली. ढालीच्या मागोमाग ऑर्डर आली : या वॉर्डातल्या दोन सिस्टर डोळ्यांच्या वॉर्डात हलवाव्यात, तिथे तणाव फार आहे.

मी ताईंना म्हटलं, "जा आणि सांगा मेट्रनबाईंना, फॉर्म खोटे होते."

"अकरा सह्या मी केल्यात. काय सांगू?"

"मग एवढंच सांगा की जमत नाहीये."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी रडायला सांगितलं होतं. "जमतंय की," म्हणाल्या. "अजून तरी कुठे काय अडलंय?"

खरी गोम इथे होती. खोट्या सह्यांची भीती होतीच, पण ती दोन दिवसांची. 'मला जमत नाही' हे चार शब्द... तीनच आहेत म्हणा, पण ताईंना ते चारशे वाटायचे. ते उच्चारले तर खांब पडला, आणि खांब पडला तर आपण कोण, हा प्रश्न बेचाळिसांत नव्हता. मला राग यायचा. या बाईच्या चांगुलपणापायी आम्ही नऊ जणी बत्तीस माणसांमागे पळतोय, आणि हिला साधं तोंड उघडवत नाही! तसं मलाही उघडता आलं असतं. मी का नाही गेले? कारण माझाही फॉर्म त्यातच होता, आणि ताई आहेत की सांभाळायला.

नऊ नंबरला एक आजोबा होते. गोदामावर चौकीदार होते म्हणे आयुष्यभर. हातापायाची एक शीर धड राहिली नव्हती. रोज सकाळी ताई ट्रे घेऊन गेल्या की दोन्ही बाह्या वर करून विचारायचे, "आज कुठला दरवाजा उघडा आहे बघ, पोरी." ताई हसायच्या, शीर शोधायच्या. एकदा आजोबा म्हणाले, "हे कधी संपायचं गं?" ताई म्हणाल्या, "संपलं की मी स्वतः येऊन सांगेन. माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचं ऐकू नका." "ठरलं," आजोबा म्हणाले. चौकीदारच तो, कोणाच्या शब्दावर दार सोडायचं हे त्याला नीट ठरलेलं लागायचं.

दोन सिस्टर गेल्याला पंधरा दिवस झाले असतील. सकाळचे साडेअकरा. सव्वीस नंबरचा श्वास कोंडला होता, ताई त्याच्या छातीवर वाकल्या होत्या, मी डॉक्टरांमागे धावत होते, एक सिस्टर पेशंटला घेऊन एक्स-रेला गेलेली. जागेवर चौथी नव्हती. सव्वीस वाचला. आम्ही घाम पुसून मागे फिरलो, तर नऊ नंबरची खाट रिकामी. गादी पुसलेली, ताजी चादर ताणलेली, आणि तिच्यावर एक नवा माणूस आपला डबा शोधत बसलेला. आजोबा मधल्या चाळीस मिनिटांत गेले होते. शिकाऊ डॉक्टरांनी लिहून दिलं, वॉर्डबॉयनी नेलं, खाली रांग होती म्हणून खाट लगेच भरली. कोणाचंच काही चुकलं नव्हतं.

ताई खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. नव्या माणसाने विचारलं, "सिस्टर, माझा डबा?" ताईंनी त्याला डबा शोधून दिला. तापाचा तक्ता लावला. मग कपड्यांच्या खोलीत गेल्या आणि आतून नळ सोडल्याचा आवाज आला. त्या खोलीत बेसिन आहे, हेही मला त्या दिवशी कळलं.

त्या दिवसानंतर ताई बोलायच्या कमी झाल्या. कामात खोट नाही, पण पेशंट गेला की कपाळावर हात ठेवून नुसत्याच उभ्या राहायच्या. वाक्य यायचं नाही. मला ते दिसलं. मग मी काय केलं? काही नाही. पुढच्या पेशंटकडे गेले.

आणि नेमक्या याच सुमाराला तज्ज्ञ परत आले. सगळ्या वॉर्डांच्या इनचार्ज सिस्टरना हॉलमध्ये बोलावलं होतं. मी ढाल धरायला बरोबर. हो, ढाल दाखवायला आणायची होती. पहिल्या रांगेत मेट्रनबाई, मागे तीसेक इनचार्ज, दुपारचा दीड. तज्ज्ञांनी पडद्यावर रंगीत खांब दाखवले, त्यातला सगळ्यात बुटका आमचा. "आता या वॉर्डाच्या सिस्टरच आपल्याला सांगतील," ते म्हणाले, "तणावमुक्त राहण्याचं गुपित!"

ताई उठल्या. माइकपाशी गेल्या. दोन्ही हात पाठीमागे, चार्ज देताना धरतात तसे. तज्ज्ञ उत्तेजन द्यायला म्हणाले, "मोकळेपणाने, सिस्टर. मनातलं."

मनातलं! बाईला मनातलं बोलता आलं असतं तर तुमची ढाल कशाला आली असती? मी ढाल मांडीवर धरून खाली बघत होते. तेवढ्यात ऐकू आलं :

"स्त्री. वय चोपन्न. स्वतःच्या पायांनी आलेली."

आवाज रोजचाच, सपाट.

"नाडी एकशे चार. रक्तदाब एकशे सत्तर, शंभर. तीन आठवडे रोज कपड्यांच्या खोलीत स्वतःच मोजलेला. झोप तीन तास. भूक नाही. वजन चार किलो कमी. हात धुताना रडते; इतर वेळी नाही. औषध चालू नाही. कोणाला सांगितलेलं नाही. वॉर्डातले अकरा फॉर्म हिनेच भरलेत, सगळे खोटे. दोन सिस्टर कमी आहेत. जमत नाहीये."

हॉलमध्ये कसला तरी बारीक आवाज झाला. मी मान वर केली. तीसच्या तीस इनचार्जनी खिशातून डायऱ्या काढल्या होत्या आणि मान खाली घालून लिहीत होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. चार्ज दिला जातोय म्हटल्यावर हात आपोआप चालतो. तज्ज्ञ गोंधळून पडद्याकडे बघत होते.

लिहिणं थांबलं, आणि पहिल्या रांगेतून मेट्रनबाईंनी विचारलं, "काय राहिलंय?"

ऑफिसात बसून बाईंना बारा वर्षं झाली होती. पण त्याआधी वीस वर्षं त्याही खाटेखाटेपाशी उभ्या होत्या. प्रश्न तोंडातून गेला आणि त्या स्वतःच दचकल्या.

"बेड नऊ," ताई म्हणाल्या. इथे पहिल्यांदा आवाज हलला. "आजोबांना सांगायचं राहिलं. शब्द दिला होता. आता ते कोणाला करता येणार नाही."

मग त्या तशाच उभ्या राहिल्या. माइकपाशी, हात पाठीमागे. नियमच आहे, घेणारीचा शब्द आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तज्ज्ञ टाळ्या वाजवायला लागले, "फार छान, फार प्रामाणिक..." आणि एकटेच वाजवत राहिले. दोन टाळ्यांनंतर थांबले. ताई हलल्या नाहीत. आम्ही सगळ्याजणी मेट्रनबाईंच्या पाठीकडे बघत होतो. त्यांना कळत होतं, एकदा तो शब्द म्हटला की निस्तरावं लागणार. खोटे फॉर्म, ढाल, वरच्यांना दिलेला अहवाल, सगळं.

"घेतला," मेट्रनबाई म्हणाल्या.

ताईंनी मान हलवली, जागेवर आल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. नुसत्या बसल्या. मी त्यांना अकरा वर्षांत असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मी ढाल खुर्चीखाली सरकवली आणि त्यांचा हात धरला, आणि सवयीने घड्याळाकडे पाहिलं. एकशे आठ होती.

पुढचं सरकारी वळणाने झालं. चौथ्या दिवशी दोन्ही सिस्टर 'प्रशासकीय कारणास्तव' परत आल्या. ताईंना खोट्या सह्यांबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि एक महिन्याची सक्तीची रजा, दोन्ही एकाच पाकिटात. ढाल पोचपावती घेऊन परत नेली गेली. तज्ज्ञांनी अहवालात आमच्या वॉर्डाचं काय केलं ठाऊक नाही. बहुतेक वगळला असावा. रजेच्या तिसऱ्या दिवशी ताईंचा वॉर्डात फोन आला, "अगं, अकरा नंबरचं सलाइन..." मी म्हटलं, "चार्ज माझ्याकडे आहे. फोन ठेवा आणि जेवा." मिस्टर म्हणाले, तिने फोन ठेवला आणि चक्क जेवली.

महिन्याने त्या परत आल्या तेव्हा मी खाटेखाटेपाशी त्यांना चार्ज दिला. आठ नंबरला पोचलो. तिथे आदल्या दिवशी एक शिक्षक गेले होते, महिनाभर सुया सोसून. तेव्हा वॉर्डात मी एकटी मोठी होते. नळ्या काढल्या, सुया काढल्या, चादर हातात घेतली, आणि इकडे तिकडे पाहून घेतलं, कोणी बघत नाही ना. आयुष्यभर ज्याला हसले ते करायची वेळ आली की माणूस चोरासारखा वागतो. कपाळ अजून कोमट होतं. वाक्य म्हटलं तेव्हा माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"बेड आठ," मी ताईंना म्हटलं, "काल सव्वाचारला गेले. सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"तेच. आता टोचणार नाही म्हणून."

ताईंनी डायरीत लिहायला पेन काढलं होतं, ते तसंच राहिलं. डोळे भरून आले, आणि नळ कुठे जवळ नव्हता, म्हणून त्या तिथेच, आठ नंबरच्या खाटेच्या कडेवर बसून, सगळ्या वॉर्डादेखत रडल्या. सात नंबरने आपला रुमाल पुढे केला. रडून झाल्यावर त्यांनी नाक पुसलं, रुमालाची घडी करून परत दिली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काय राहिलंय?"

"काही नाही," मी म्हटलं.

"घेतला," त्या म्हणाल्या, आणि आम्ही नऊ नंबरकडे वळलो.